तिसऱ्या ऑपरेशनच्या आधी

ताई,

मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. वय २६. तेराव्या वर्षी निवासी अकादमीत निवड झाली. शालेय राष्ट्रीय स्पर्धेत कांस्यपदक आहे. विसाव्या वर्षी राज्याबाहेरच्या एका व्यावसायिक क्लबचा करार मिळाला, पेठेत फटाके वाजले. बाविसाव्या वर्षी उजव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे आतली मुख्य शीर, तुटलं. ऑपरेशन झालं आणि सातव्या महिन्यात मी परत उतरलो, कारण संघाला कडेने धावणारा विंगर हवा होता. चोविसाव्या वर्षी तोच गुडघा परत गेला, गादीही फाटली. दुसऱ्या ऑपरेशनला आईच्या पाटल्या गहाण पडल्या. गेल्या वर्षी करार संपला, क्लबने वाढवला नाही. शेवटच्या तीन महिन्यांचा पगार अजून आलेला नाही.

आता गुडघा सुजतो, जिना उतरताना भरवसा वाटत नाही. एक डॉक्टर म्हणतात तिसरं ऑपरेशन करू, खेळशील. दुसरे म्हणतात फुटबॉल सोड. पप्पा शिरोलीला फौंड्रीत आहेत, ते म्हणतात कर्ज काढू पण तू थांबू नको. पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघातली पोरं म्हणतात, “भावा, सेमीफायनलला शेवटची वीस मिनिटं इंजेक्शन मारून उतर, पेठेच्या इज्जतीचा प्रश्न हाय.” धाकटा भाऊ आता सीनियर संघात आलाय, पण त्याची एकही मॅच मी बघायला गेलो नाही. दिवसभर मोबाइल बघत पडून असतो. रात्री झोप येत नाही, वाटतं सकाळ झालीच नाही तर बरं. बीए दुसऱ्या वर्षाला सोडलंय. काय करू सांगा.

– एक फुटबॉलर, कोल्हापूर

प्रिय मित्रा,

शेवटून सुरुवात करते, कारण तिथे एक ओळ लिहून तू घाईने पुढे गेलास. सकाळ झालीच नाही तर बरं, असं तुला वाटतं. हा विचार कधीमधी येतो की रोज? जीव देण्याचा विचार मनात येतो का? मी सरळ विचारते आहे आणि तूही कुणाला तरी सरळ उत्तर दे. टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. तुमच्याकडे सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तिथे केसपेपर काढून जाता येतं. हे या आठवड्यात कर, गुडघ्याचा निर्णय त्यानंतर. झोप उडालेल्या, महिनोन्‌महिने खोलीत पडून असलेल्या माणसाने कर्जाचे आणि ऑपरेशनचे निर्णय घेऊ नयेत. आणि रात्री तो विचार जोर करायला लागला तर आईला उठव. ती रागावणार नाही.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. जर्मनीचा सेबास्टियन डाइसलर त्याच्या पिढीतला सगळ्यात गुणी मिडफिल्डर मानला जायचा. उजव्या गुडघ्याने त्याचा २००२ चा वर्ल्ड कप खाल्ला, मग घरच्या मैदानावरचा २००६ चाही. मधल्या काळात नैराश्यासाठी तो रुग्णालयात दाखल झाला आणि त्याने ते लपवलं नाही. २००७ च्या जानेवारीत, वयाच्या २७ व्या वर्षी, बायर्न म्युनिकसारख्या क्लबचा करार हातात असताना तो थांबला. आपल्या गुडघ्यावर आता विश्वास उरला नाही, असं त्याने जाहीरपणे सांगितलं. तू जिन्याबद्दल जे लिहिलंस ते याहून वेगळं नाही.

आता इंजेक्शन. नाही. यात मी मागेपुढे करणार नाही. सूज आलेल्या, दोनदा शिवलेल्या गुडघ्यात वेदना बंद करणारी सुई टोचायची आणि शाहू स्टेडियमच्या भरलेल्या गॅलरीसमोर पूर्ण वेगात वळायचं, याचा अर्थ गुडघ्याने दिलेला इशारा ऐकू येऊ नये अशी व्यवस्था करायची. उरलेली गादी त्या वीस मिनिटांत गेली तर ती परत येत नाही. शिवाय तू अजून व्यावसायिक खेळाचा विचार करतो आहेस, म्हणून हेही माहीत असू दे की स्टेरॉइडचं कुठलंही इंजेक्शन, थेट सांध्यात दिलेलंसुद्धा, १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धेच्या काळात उत्तेजकविरोधी नियमांत निषिद्ध आहे. पेठेच्या स्पर्धेत कुणी तपासत नाही म्हणून सवय लावून घेऊ नको. पोरांना सांग की डॉक्टरांनी मनाई केली आहे, आणि एवढंच सांग. त्यांचं तुझ्यावर प्रेम आहे यात मला शंका नाही, पण सेमीफायनल संपली की ती पुढच्या मॅचकडे वळतील. लंगडत जिना चढायचा तो तुलाच.

ऑपरेशनकडे येते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कर किंवा करू नको हे मी सांगणार नाही. पण दोन डॉक्टरांच्या मतांमध्ये तू अडकलास याचं कारण मला दिसतं. तू दोघांना एकच प्रश्न विचारलास, ‘मी परत खेळेन का?’ हा प्रश्न आधी विचारायचाच नसतो. आधी विचार, की चाळिसाव्या वर्षी मुलाला खांद्यावर घेऊन जोतिबाच्या पायऱ्या चढता येतील असा गुडघा हवा असेल, तर आज काय करावं? त्या उत्तरात ऑपरेशन असेल तर ऑपरेशन कर. नसेल, आणि ते फक्त आणखी एक हंगाम मिळावा म्हणून असेल, तर त्यासाठी घरावर कर्ज चढवू नको.

दोघांकडे परत जा, या वेळी एमआरआय आणि दोन्ही ऑपरेशनचे कागद घेऊन. त्यांना विचार की नवी शीर ढिली झाली आहे की पुरती तुटली आहे. गादी किती उरली आहे? हाडावरचं कूर्चेचं आवरण झिजलंय का? चालताना, वळताना गुडघा सटकतो का, हे त्यांनी हाताने तपासून सांगावं, कारण रोजच्या जगण्यात सटकणारा गुडघा आतून झिजत राहतो आणि तिथे ऑपरेशनला खरा अर्थ असतो. पहिल्या दोन वेळी शीर कुठून घेतली होती, आता कुठून घेणार? आणि हाडातले बोगदे रुंद झालेत का? एसीएलच्या ऑपरेशनमध्ये हाडांत बोगदा पाडून त्यातून नवी शीर ओवतात. तिसऱ्या वेळी म्हणजे भिंतीतल्या एकाच भोकात तिसऱ्यांदा खुंटी ठोकण्यासारखं होतं. कधी कधी आधी ते भोक हाड भरून बुजवावं लागतं, काही महिने थांबावं लागतं आणि मग दुसऱ्या टप्प्यात शीर बसवतात. तुझ्या बाबतीत तसं असेल तर दोन भुली, दोन खर्च आणि वर्षभराहून अधिक काळ. जो डॉक्टर तुला ‘खेळशील’ म्हणाला त्याने हे सगळं सांगितलं होतं का? सांगितलं नसेल तर विचार. चांगला सर्जन अशा प्रश्नांनी चिडत नाही.

खर्चाचं म्हणशील तर कर्जाआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठ. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुझं ऑपरेशन बसतं का, ते तो कागद बघून सांगेल.

सातव्या महिन्यात उतरल्याचं तू एका वाक्यात लिहिलंस. त्यावर मी थोडी थांबले. शीर बसवली की ती लगेच लिगामेंट होत नाही. आधी तिचा जीव जातो, मग तिच्यात नव्याने रक्त खेळतं, मग ती हळूहळू कणखर होते. नऊ महिन्यांच्या आत खेळात परतलेल्यांची शीर पुन्हा तुटण्याचा धोका बराच मोठा असतो, हे आता पुष्कळ अभ्यासांतून पक्कं झालं आहे. आणि नऊ महिने हे किमान. त्याबरोबर मांडीच्या स्नायूची ताकद चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के व्हावी लागते, एका पायावरच्या उड्यांच्या चाचण्या पार पडाव्या लागतात. हे तुला बावीस वर्षांच्या वयात कुणी नीट सांगायला हवं होतं. ते काम क्लबच्या डॉक्टरचं, फिजिओचं आणि कोचचं होतं. मी घाई केली म्हणून माझं वाटोळं झालं, असं तू स्वतःला रात्री सांगत असशील तर ते अर्धवट आहे. विंगर हवा होता तो संघाला, आणि बावीस वर्षांच्या पोराला ‘आहेस ना तयार?’ असं विचारलं की तो दुसरं काय म्हणणार?

तुला लोक उदाहरणं देतील, आधीच देत असतील. ब्राझीलचा रोनाल्डो! तो नाही का परत आला? आला. पण पूर्ण गोष्ट ऐक. नोव्हेंबर १९९९ मध्ये इंटर मिलानकडून खेळताना त्याच्या गुडघ्याच्या वाटीखालची शीर फाटली. पाचेक महिन्यांत, एप्रिल २००० मध्ये, तो लाझिओविरुद्धच्या कप फायनलला बदली म्हणून उतरला आणि काही मिनिटांत, कुणी धक्काही न देता, कोसळला. तीच शीर आता पुरती तुटली होती. त्यानंतर परतायला त्याला वर्षाहून जास्त लागलं, आणि मग २००२ च्या वर्ल्ड कपमधले आठ गोल आले. पेठेत आठ गोल सांगतात, एप्रिल सांगत नाहीत. दुसरं नाव निघेल लेडली किंगचं. टॉटनहॅमचा हा बचावपटू गुडघ्यात कूर्चा जवळजवळ उरली नसताना खेळत राहिला. पण तो दोन मॅचच्या मध्ये संघाबरोबर सराव करत नव्हता, पोहणं आणि जिमवर भागवत होता, आणि त्याच्या मागे प्रीमियर लीगच्या क्लबचा अख्खा वैद्यकीय ताफा होता. तरीही २०१२ मध्ये, ३१ व्या वर्षी, तो थांबलाच. तुझ्या मागे आईच्या पाटल्या आहेत.

मला तुला ज्याच्याबद्दल सांगायचंय तो नेदरलँड्सचा मार्को व्हॅन बास्टेन. तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट आहे, पण त्याचा एक गोल तू नक्की पाहिला असशील. २५ जून १९८८, म्युनिकचं ऑलिम्पिक स्टेडियम, युरो कपची फायनल, समोर सोव्हिएत युनियन. उजवीकडून, जवळपास अशक्य कोनातून, हवेतल्या हवेत मारलेली ती व्हॉली. तो गोल मारणाऱ्या माणसाचा घोटा तेव्हाच खराब झालेला होता. डिसेंबर १९८६ मध्ये आयाक्सकडून ग्रोनिंगेनविरुद्ध खेळताना तो दुखावला. कोच होते योहान क्रायफ. सराव आणि काही मॅच सोड, पण युरोपातल्या मॅच खेळ, असं दोघांत ठरलं. व्हॅन बास्टेन खेळला. मे १९८७ मध्ये अथेन्सला कप विनर्स कपच्या फायनलचा एकमेव गोल त्याचाच. सगळे खूश. घोटा मात्र त्यानंतर कधी पूर्वीसारखा झाला नाही.

पुढे एसी मिलानमध्ये त्याने तीन वेळा सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणारा बॅलन डी’ओर जिंकला, १९८८, १९८९ आणि १९९२ मध्ये, आणि या काळात घोट्यावर ऑपरेशनं होत राहिली. २६ मे १९९३ ला चॅम्पियन्स लीगची फायनल मार्सेविरुद्ध, पुन्हा त्याच म्युनिकच्या स्टेडियममध्ये. मिलान १-० ने हरलं. ती त्याची शेवटची मॅच ठरली. वय २८. पण तेव्हा कुणालाच, त्यालाही, ते माहीत नव्हतं. मग आणखी एक ऑपरेशन, आणि पुढची दोन वर्षं वाट बघण्यात गेली. पुढच्या महिन्यात, पुढच्या हंगामात, असं करत करत. १९९४ चा वर्ल्ड कपही त्याच्याविना झाला. या काळात वेदना इतकी होती की रात्री बाथरूमपर्यंत तो रांगत जायचा, हे त्याने स्वतः नंतर सांगितलं आहे. ज्या पायाचे इटलीत सोहळे झाले होते, तो पाय अंधारात फरशीवर टेकवता येत नव्हता.

१७ ऑगस्ट १९९५ ला त्याने खेळ सोडल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी सान सिरोवर मिलान आणि युव्हेंटसच्या मॅचआधी प्रेक्षकांचा निरोप घ्यायला आला. किट नव्हतं. जीन्स, जाकीट. टाळ्या वाजवत मैदानाला एक फेरी मारली. बाकावर कोच फाबिओ कापेल्लो रडत होते. त्यानंतर त्याच्या घोट्याचा सांधा ऑपरेशन करून कायमचा जखडून टाकला. पूर्वीसारखं पळणं संपलं, पण वेदना थांबली. माणूस पुन्हा चालायला, गोल्फ खेळायला लागला. नऊ वर्षांनी, २००४ मध्ये, तो नेदरलँड्सच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला.

ही गोष्ट मी तुला का सांगते आहे? त्याचं खेळणं संपलं ते ठीक, ते कुणाचंही संपतं. मला त्यातली १९९३ ते १९९५ ही दोन वर्षं खटकतात. ना खेळाडू, ना माजी खेळाडू. ना मैदानात, ना घरात. तू आज तिथेच आहेस, आणि या जागेत माणूस सगळ्यात जास्त खचतो, कारण ज्याचं अजून काही संपलंच नाही त्याला शोक करायची मुभा नसते. थांबायचं ठरलं, तर ते ठरव. तारीख घाल. पेठेतल्या लोकांना स्वतःच्या तोंडाने सांग, म्हणजे चौकात रोज ‘काय मग, कधी उतरणार?’ हे ऐकावं लागणार नाही. रडू आलं तर रड. वयाच्या तेराव्या वर्षापासून ज्याच्यासाठी घर सोडलंस ते हातातून जातंय, त्याचं दुःख माणूस गेल्याइतकंच असतं, आणि ते काही आठवड्यांत आवरतं घेण्याची सक्ती तुझ्यावर कुणी केलेली नाही.

आणि ऑपरेशन करायचं ठरलं, तर त्यालाही तारीख घाल. इतके महिने व्यायाम, मग चाचणी, आणि त्या चाचणीत गुडघा बसला नाही तर व्यावसायिक खेळ संपला, हे आधी कागदावर लिहून ठेव. त्यावर पप्पांची सही घे.

पप्पांशी बोलणं तुला सगळ्यात जड जातंय, हे पत्रात दिसतं. फौंड्रीच्या भट्टीजवळ उभं राहून ज्याने तुझे बूट आणले, अकादमीला सोडायला एसटीने आला, त्या माणसाला ‘थांबू या’ म्हणणं तुझ्याच्याने होणार नाही. मग तू म्हणू नको. त्यांना दुसऱ्या डॉक्टरकडे घेऊन जा. एमआरआयची फिल्म उजेडावर धरून डॉक्टरांना सांगू दे, गादी इथे होती आणि आता इथे नाही. लोखंडाचं काम केलेल्या माणसाला तडा गेलेला भाग पुन्हा पुन्हा वापरला की काय होतं, हे तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. त्यांनाही मुलगा पंचेचाळिसाव्या वर्षी काठी घेऊन चालताना बघायचा नसणार. कर्ज काढू म्हणतात, कारण त्यांना तुझ्यासाठी दुसरं काय करता येईल ते सुचत नाही. तू त्यांना दुसरं काही तरी सांग. पप्पा, सकाळी माझ्याबरोबर चालायला या, असं सांगितलंस तरी चालेल.

भावाच्या मॅचला जा, पण या हंगामात जमलं तरच. गॅलरीत बसून पोटात खड्डा पडला तर हाफटाइमला उठून ये. त्याला मात्र आधी सांग की तुझा राग नाही, बघवत नाही एवढंच. धाकट्याला वाटत असणार की दादाची जागा आपण घेतली.

आता पोटापाण्याचं. तुला वाटतं की खेळ सोडून आपल्याला काही येत नाही. तू विंगर आहेस. समोरचा फुलबॅक कुठल्या पायावर जड आहे, तो आत कधी ओढला जातो, मागे जागा कुठे उघडते, हे तू वर्षानुवर्षं बघत आलास. ते बघणं गुडघ्यात नसतं.

थॉमस टुखेल हा जर्मन बचावपटू १९९८ मध्ये, पंचविशीच्या आतबाहेर, गुडघ्याच्या कूर्चेमुळे संपला. मोठा खेळाडूही नव्हता, खालच्या श्रेणीतल्या उल्मच्या संघात होता. मग श्टुटगार्टच्या एका बारमध्ये काम करत त्याने व्यवसाय व्यवस्थापनाचा अभ्यास केला. पूर्वीचे कोच राल्फ रांगनिक यांच्यामुळे मुलांच्या संघाला शिकवायची संधी मिळाली. काही वर्षांनी आउग्सबुर्गच्या दुसऱ्या संघाचा तो कोच असताना त्याच्या हाताखाली एक विशीतला बचावपटू आला, त्याचाही गुडघा गेलेला. करार चालू आहे, मग बसून काय करणार? टुखेलने त्याला पुढच्या प्रतिस्पर्ध्यांच्या मॅच बघून टिपणं काढायचं काम दिलं. तो मुलगा म्हणजे युलियान नागेल्समान. २०१६ मध्ये २८ व्या वर्षी तो होफेनहाइमचा, बुंडेसलीग या जर्मनीच्या अव्वल लीगमधला सगळ्यात तरुण, मुख्य प्रशिक्षक झाला आणि २०२३ मध्ये जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचा. टुखेलने २०२१ मध्ये चेल्सीला चॅम्पियन्स लीग जिंकून दिली. आपल्याकडचा जेजे घे. २०१९ मधल्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर भारताच्या या स्ट्रायकरला पूर्वीचा सूर सापडला नाही. २०२३ मध्ये तो मिझोरामच्या विधानसभेवर निवडून गेला.

तू राष्ट्रीय प्रशिक्षक होशील असं मी म्हणत नाही. मला त्यातलं टिपणं काढायचं काम महत्त्वाचं वाटतं. तालमीच्या पोरांना तू हवा आहेस ना? मग त्यांना सांग, मी उतरणार नाही, पण सेमीफायनलमध्ये समोर येणाऱ्या संघाच्या आधीच्या मॅच बघून देतो. मोबाइल असाही दिवसभर हातात असतो. कोपऱ्यावर त्यांचा कोण मोकळा राहतो, गोलकीपर कुठल्या बाजूला उशिरा पडतो, दोन पानं लिहून दे आणि मॅचच्या आदल्या रात्री तालमीत बसून समजावून सांग. हे करताना तुला कंटाळा आला तर प्रशिक्षणाचा रस्ता तुझा नाही, एवढं तरी कळेल. मजा आली, तर भारतीय फुटबॉल महासंघाच्या डी लायसन्सपासून सुरुवात कर, मग सी. हे वर्ग राज्य संघटना, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, भरवत असते. केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या कार्यालयात चौकशी केलीस तर पुढच्या तारखा कळतील. कोल्हापुरात फुटबॉल शिकवायला नेमलेला माणूस शाळांना हवा असतो, आणि व्यावसायिक क्लबात राहून आलेली तुझ्यासारखी माणसं थोडी आहेत.

बीए पूर्ण कर. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून ते घरी बसून होतं, आणि दुसऱ्या वर्षापर्यंत तू आलेलाच आहेस. पदवी हातात असली की शासनाच्या नोकऱ्यांतलं खेळाडूंचं पाच टक्के समांतर आरक्षण तुझ्या उपयोगाचं होईल. तुझं शालेय राष्ट्रीय पदकाचं प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून आत्ताच पडताळून घे. जाहिरात आल्यावर धावपळ केली तर वेळ हुकते. कुठल्या पदाला कुठल्या दर्जाचं पदक चालतं ते तिथेच विचार. पोलीस भरतीच्या मागे लागू नको, ती मैदानी चाचणी या गुडघ्याला झेपणारी नाही. जिथे मैदानी चाचणी नाही अशी पदं बघ.

राहिला पगार. तीन महिन्यांचे पैसे ही तुझ्या कष्टाची कमाई आहे आणि ते मागायला संकोच नको. करार काढून वाच. वैद्यकीय खर्च आणि विम्याबद्दल काय लिहिलंय ते बघ, कारण क्लबसाठी खेळताना झालेल्या दुखापतीचं ऑपरेशन आईच्या पाटल्यांवर का झालं, हा प्रश्न मला पडला आणि तो क्लबला विचारला गेला पाहिजे. आधी क्लबला लेखी मेल कर, रक्कम आणि महिने लिहून, उत्तरासाठी पंधरा दिवस दे. फोनवर बोलू नको, बोललास तर नंतर तेच मुद्दे मेलवर टाक. उत्तर आलं नाही तर महासंघाच्या प्लेअर्स स्टेटस कमिटीकडे तक्रार जाते. फुटबॉल प्लेअर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही खेळाडूंची संघटना अशा बाबतीत मार्गदर्शन करते, त्यांना लिही. अशा दाव्यांना मुदत असते, फिफाच्या नियमांत ती दोन वर्षांची आहे, आणि तुझं एक वर्ष जवळपास गेलंय. म्हणून करार, बँकेचं पासबुक, दोन्ही ऑपरेशनची बिलं आणि क्लबकडून आलेले सगळे मेसेज एका फाइलला लाव. तक्रारीचा मसुदा लिहिताना अडलास तर मला पाठव, मी बघून देईन. आणि सीपीआरला जाऊन आलास की, बाकी काहीही झालेलं नसलं तरी, दोन ओळी लिहून कळव.

– तुझी ताई